चौकोनी छिद्राचे श्रेय कोणाला?

१/ प्राचीन चीनचे गोल नाणे आणि त्यातील चौकोनी छिद्र दिसले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : आकाश गोल, पृथ्वी चौकोनी. स्पष्टीकरण सुंदर आहे. पण तेवढ्यावरच थांबणे हा टांकसाळीतील कारागिरावर अन्याय आहे.

२/ ही कल्पना निराधार नाही. इ.स.पू. २३९च्या सुमारास छिन राज्यात मंत्री ल्यु बुवेई याच्या आश्रयाने संकलित झालेल्या ग्रंथात आकाशाचा मार्ग वर्तुळाकार आणि पृथ्वीचा चौकोनी म्हटला आहे. याच छिनने इ.स.पू. २२१ मध्ये चीनचे एकीकरण करून आपले ‘बानल्यांग’ नाणे सर्वत्र लागू केले.

३/ परंतु एकीकरणापूर्वी वेई राज्याच्या गोल नाण्यांना छिद्रही गोलच होते. दोरीत ओवण्यास तेवढे पुरेसे असते. मग चौकोन कशासाठी?

४/ मराठ्यांची शिवराई ठशांनी ठोकून पाडली जाई. चिनी नाणे साच्यात ओतले जाई. वितळलेला धातू पन्हळीतून वाहत प्रत्येक खाचेत उतरे आणि फांदीला पाने असावीत तशी नाणी जोडलेली निघत. ती तोडल्यावर कडा खडबडीत राहत. १६३७ मधील सोंग यिंगशिंग याच्या ‘थ्येनकुंग खायवू’ या ग्रंथात शेकडो नाणी बांबूच्या वा लाकडाच्या कांबीत ओवून त्यांच्या कडा कानशीने घासण्याची रीत दिली आहे. गोल छिद्राचे नाणे कानशीखाली फिरते. चौकोनी कांबीवरचे चौकोनी छिद्र त्याला फिरू देत नाही.

५/ यावर रास्त आक्षेप असा : अनेक बानल्यांग नाण्यांच्या कडा घासलेल्याच नाहीत, मग हे छिद्राचे मूळ कारण कसे? आक्षेप मान्य करावा. मात्र एखादी गोष्ट का सुरू झाली आणि का टिकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इ.स.पू. ११८ मध्ये हान सम्राट वू याच्या काळात ‘वूझू’ आले, इ.स. ६२१ मध्ये थांग घराण्याचे ‘खायय्वेन थोंगपाओ’ आले. वजन बदलले, अक्षरे बदलली, राजघराणी बदलली. चौकोन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत राहिला. इतके दीर्घायुष्य केवळ प्रतीकाच्या बळावर लाभत नाही. रोजच्या कामातील सोय त्यामागे असावी लागते.

६/ तत्त्वज्ञाचे वाक्य ग्रंथात उरते, कानस चालवणाऱ्याचे नावही उरत नाही. म्हणून संग्रहालयात असे नाणे दिसल्यास छिद्राबरोबर त्याची कडही पाहावी. त्या हाताची खूण तिथे आहे.