सातबारा हातात, पण वावर कुठे?



धुळे तालुक्यातल्या एका वस्तीत, बुद्धविहारातली वंदना आटोपल्यावर, एका आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढून आमच्या हातात दिला. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर. खाली ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा. आम्ही सगळे वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, “ते ठीक शे भाऊ, पन आपलं वावर कोठे शे?”

आम्ही निरुत्तर झालो. सासरे गेले, नवरा पोटासाठी सुरतेला गेला, आणि आपला बांध कोणता हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. कागदावर नाव आजींचे, नांगर मात्र दुसऱ्याचा!

हे दुखणे एका घरचे नाही. महार वतन ही गुलामीची बेडी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाचे विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला आणि त्या जमिनी नव्या शर्तीने आपल्या माणसांच्या नावे झाल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, तो ‘वर्ग २’ चा अर्थ हाच. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. एवढ्या झगड्याने जी जमीन राहिली, ती नुसती ठिकाण माहीत नाही म्हणून जावी काय?

आता हे ठिकाण हरवते कसे ते पाहू. सातबारा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे; गावाचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे. दोन खाती, दोन कपाटे. सातबारे संगणकात भरले गेले तेव्हा टेबलावरच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आली ती फक्त यादी. एका गटाची एक ओळ: गाव, नंबर, नाव, क्षेत्र, आकार. नंबर विचारला की नाव येई. पण ‘नाल्याकाठच्या त्या आंब्याखालचे शेत कोणाचे’ असे विचारायची सोय त्या यादीत नव्हती. गरीब माणसाला नंबर पाठ नसतो, त्याला आंबा आठवतो.

नंतर या यादीला नकाशा जोडण्यात आला. त्यासाठी जुनी यादी मोडावी लागत नाही. कागदी नकाशाचे चित्र संगणकात घेतात, प्रत्येक गटाची हद्द पडद्यावर गिरवतात, तिच्या कोपऱ्यांची ठिकाणे आकड्यांत नोंदवतात आणि त्या आकाराला गट नंबर चिकटवतात. तोच नंबर यादीतही असतो. आपण नकाशावर बोट ठेवले की प्रोग्रॅम तो नंबर यादीत शोधतो आणि ती ओळ समोर आणतो. दोन कपाटांना जोडणारी किल्ली म्हणजे तो नंबर! राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘भूनक्शा’ या प्रोग्रॅमवर आपल्या राज्याचे ‘महाभूनकाशा’ चालते ते याच रीतीने. जिल्हा, तालुका, गाव निवडावे, नकाशावर बोट ठेवावे.

पण वाचकहो, किल्ली चुकली की कुलूप उघडत नाही. गट नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात, म्हणून नंबराबरोबर गावही पक्के हवे. खुर्द आणि बुद्रुक यांची गल्लत झाली की दुसऱ्याचेच शेत समोर येते. भावाभावांत वाटणी होऊन सातबारे दोन झाले, पण पोटहिस्स्याची मोजणी झालीच नाही, तर नकाशात एकच तुकडा दिसतो. नकाशा रंगीत आहे म्हणून तो खराच असतो असे नाही. तो आपल्याला वावरापर्यंत नेतो; बांधाचा वाद मिटवायला मोजणीच लागते.

आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना एक काम सांगावेसे वाटते. बऱ्याच ठिकाणी मंडळाने वतनी जमिनींची यादी कधीकाळी संगणकात केलेली असते. ती फेकू नका. क्यूजीआयएस नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात गावाचा नकाशा गिरवून ही यादी गट नंबराने जोडता येते. मात्र जोडण्याआधी यादीची प्रत काढून ठेवा. आणि ‘१२/१’ हा गट एक्सेलमध्ये तसाच टाकला तर तो ‘१२ जानेवारी’ होऊन बसतो! आजींचे शेत तारखेत हरवू द्यायचे नसेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या.

घरच्या भगिनींसाठी चार गोष्टी. एक, डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या निघतो. तो आणि आठ-अ काढून ठेवा. दोन, नकाशावर आपल्या गटाला लागून कोणते गट आहेत, रस्ता, नाला कुठे आहे ते लिहून घ्या आणि म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन वावरात उभे राहा. तीन, नावात किंवा क्षेत्रात लिहिण्याची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्या, पोच घ्या. चार, हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीची ‘क’ प्रत जपून ठेवा.

आजींच्या नातीने मोबाइलवर गाव काढले. बोट फिरवता फिरवता आजींचा गट सापडला. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला गाडीवाट. आजी बराच वेळ त्या इवल्या आकाराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आंबा याच कोपराले होता.” जमीन अजून ताब्यात आलेली नाही. मोजणीचा अर्ज मात्र गेला आहे.

१९३७ साली बाबासाहेब खटल्याच्या कामी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीने दर ३१ जुलैला आपण तिथे जमतो. यंदा जाताना भाकरीच्या गाठोड्याबरोबर सातबाराही न्या. चार गावची माणसे भेटतील, चार शिकलेली पोरे भेटतील. आपले वावर कुठे आहे हे तिथेच एकमेकांना दाखवू या.

जयभीम!