उसापासून प्लास्टिक, पण विघटनाची सोय कुठे?

नवी दिल्ली : पेट्रोलियमऐवजी उसाच्या साखरेपासून प्लास्टिक बनविण्याचे तंत्र आता देशात औद्योगिक टप्प्यावर येत आहे. बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशातील कुंभी येथे पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजेच ‘पीएलए’चा, वार्षिक सुमारे 80 हजार टन क्षमतेचा प्रकल्प हाती घेतला आहे. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जैव-पॉलिमरचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. मात्र वापरानंतर या प्लास्टिकचे काय होणार, याची व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिलेली नाही.

साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते. त्याचे दोन रेणू जोडून लॅक्टाइड नावाचे वलय बनते आणि ही वलये उघडून पीएलएची लांब साखळी तयार होते. कच्चा माल ही मोठी अडचण नाही. रासायनिक हिशेबाने 80 हजार टन पीएलएसाठी किमान 95 हजार टन साखर लागेल; देशाचे वार्षिक साखर उत्पादन 3 कोटी टनांच्या आसपास असते.

खरा प्रश्न विघटनाचा आहे. पॉलिथिनच्या साखळीत कार्बन अणू एकमेकांशी थेट जोडलेले असल्याने सूक्ष्मजीवांना ती तोडणे जवळजवळ अशक्य असते. पीएलएमध्ये एस्टर बंध असतात. उष्णता व ओलावा मिळाल्यास पाणी हे बंध तोडते आणि उरलेले लहान तुकडे सूक्ष्मजीव पचवतात. परंतु त्यासाठी सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमान टिकून राहावे लागते. ते औद्योगिक खत प्रकल्पात मिळते. शेतात, नाल्यात वा समुद्रात नाही. तेथे पीएलएची पिशवी वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

‘कंपोस्टेबल’ या शिक्क्यामागील आयएस/आयएसओ 17088 हे मानकही नियंत्रित कंपोस्टिंगच्या स्थितीतील विघटनच तपासते. हा शिक्का व्यापाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना मनाई असली, तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीची अट नाही. म्हणजे सवलत वस्तूच्या गुणधर्मावर मिळते. ती वस्तू खत प्रकल्पात पोहोचेल की कचरा डेपोत, यावर नाही.

मिश्र कचऱ्यात पीएलए गेल्यास दुहेरी नुकसान होते. त्याचे खत होत नाही आणि पुनर्वापराची साखळीही बिघडते. पीएलए व पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी दिसायला सारखे असते आणि दोन्ही पाण्यात बुडतात. त्यामुळे तरंगण्या-बुडण्यावर आधारित वर्गीकरणात ते वेगळे होत नाहीत, आणि पीएलएच्या थोड्याशा भेसळीनेही पुनर्वापरित पीईटीचा दर्जा घसरतो.

याचा अर्थ हा पर्याय निरुपयोगी आहे, असा नव्हे. उपाहारगृहे, क्रीडासंकुले किंवा ओल्या कचऱ्याच्या पिशव्या अशा ठिकाणी, जेथे वस्तू अन्नासोबतच थेट खत प्रकल्पात जाते, तेथे पीएलए उपयुक्त ठरते. स्वतंत्रपणे गोळा केल्यास एस्टर बंध तोडून त्यापासून पुन्हा लॅक्टिक आम्लही मिळवता येते. दोन्ही मार्गांची पहिली अट एकच आहे : वेगळे संकलन. उत्पादन क्षमतेसोबत महापालिकांच्या खत प्रकल्पांची क्षमता आणि वर्गीकरणाची यंत्रणा वाढली नाही, तर कचरा डेपोत जुन्या प्लास्टिकशेजारी नव्या प्लास्टिकची भर पडेल.