वर्षाची वही

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला, की अमेरिकेतील घरोघरच्या टपालपेट्यांत बिले आणि जाहिराती यांच्या गठ्ठ्यातून काही निराळी पाकिटे डोकावू लागतात. पत्ता बहुधा हाताने लिहिलेला असतो. आत नाताळचे भेटकार्ड, कुटुंबाचे एखादे छायाचित्र आणि चार घड्या घातलेला एक कागद असतो. त्या कागदावर एका घराचे सबंध वर्ष मांडलेले असते. थोरली नात शाळेतून उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेली, धाकट्याचे दात पडले, लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून यलोस्टोनला जाऊन ‘ओल्ड फेथफुल’चे उष्ण कारंजे पाहिले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हातारा कुत्रा गेला. थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारची पंगत उठली, की घरातील कोणीतरी हा कागद लिहावयास बसते आणि एकच मजकूर पन्नास-साठ घरी रवाना होतो.

या प्रथेचे मूळ टपालाच्या दरपत्रकात आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कोठेही पत्र पोहोचविण्याची सोय झाली आणि पत्र पाठविणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व त्याच्या सुमारे हजार प्रती छापविल्या. नाताळचे पहिले छापील भेटकार्ड म्हणून ते ओळखले जाते. त्याची किंमत होती एक शिलिंग. मधल्या चित्रात तीन पिढ्यांचे कुटुंब मेजाभोवती बसले आहे आणि दोन्ही बाजूंस भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देणारी माणसे आहेत. मधल्या चित्रात लहान मुलांच्याही ओठी मद्याचा पेला दाखविला, म्हणून त्या काळच्या मद्यपानविरोधी मंडळींनी बराच गिल्ला केला होता. पुढे १८७० नंतरच्या दशकात बोस्टनच्या लुई प्रँग यांनी अमेरिकेत रंगीत कार्डांचा व्यवसाय उभा केला.

कार्डावर मात्र चार ओळींपलीकडे जागा नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कुटुंबे नोकरीपायी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विखुरली. आईवडील ओहायोत, एक मुलगा टेक्सासमध्ये, मुलगी कॅलिफोर्नियात, अशी स्थिती झाली. मग कार्डासोबत एक सविस्तर पत्र जोडण्याची रीत रुळली. आधी कार्बन कागद, मग सायक्लोस्टाइल, मग झेरॉक्स आणि अखेर संगणक यांनी तिला हातभार लावला.

या पत्रांची थट्टाही पुष्कळ झाली आहे. सायमन हॉगर्ट या ब्रिटिश पत्रकारांनी वाचकांकडून अशी पत्रे मागविली आणि २००४ साली त्यांचे विनोदी पुस्तकच काढले. थट्टेचे कारण उघड आहे. पत्रातील प्रत्येक मूल पहिले आलेले असते, प्रत्येक प्रवास अविस्मरणीय असतो आणि प्रत्येक जावई गुणी असतो. वाचणाऱ्याला वाटते, की साऱ्या जगाचे छान चालले आहे आणि अडचणी काय त्या आपल्याच घरी आहेत.

वार्षिक पत्राची कल्पना जैन कुटुंबांना परकी नाही. एका गावच्या संघाने दूरच्या आचार्यांना विज्ञप्तिपत्र पाठवावे, त्यात चातुर्मासाचे निमंत्रण आणि क्षमायाचना असावी, ही जुनी परंपरा होती. लांबच लांब गुंडाळीवर मंगलचिन्हे येत, गावची मंदिरे येत आणि बाजारपेठेतील दुकानेही येत. आग्ऱ्याच्या संघाने १६१० साली विजयसेनसूरींना पाठविलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणात प्राणिहत्या थांबविण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा आनंद त्यात चित्रित झाला आहे. आपल्या गावात यंदा काय घडले, हे दूरच्या आदरणीय माणसाला कळवावे आणि त्याच पत्रात क्षमाही मागावी, अशी ही योजना होती. तिची आजची आठवण म्हणजे संवत्सरीची छापील क्षमापना पत्रिका. तीत आता गावही नसते आणि वर्षही नसते. असते ती फक्त खाली नावांची ओळ.

बार्शीच्या भुसार पेठेत आडतीचा व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबाची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि गेली अकरा वर्षे ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहते. शेजारी एक वृद्ध दांपत्य होते, दोघेही निवृत्त शिक्षक. दर डिसेंबरात त्यांचे पत्र टपालाने येई, जरी दोन घरांच्या मध्ये केवळ एक कुंपण होते. पहिल्या वर्षी तिला त्याचे हसू आले. शेजारणीने सांगितले, “कुंपणावरून बोलतो ते हवापाण्याचे. पत्रात लिहितो ते वर्षाचे. दोन्ही निराळे.”

हळूहळू ती त्या पत्राची वाट पाहू लागली. नातवंडांची उंची तिला पत्रातूनच ठाऊक होई. एका वर्षी नातू शाळेच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवू लागला. एका वर्षी ग्रेट स्मोकी पर्वतात तंबू ठोकून राहण्याचा बेत पावसाने धुऊन नेला आणि सहा जणांनी दोन दिवस मोटारीत बसून पत्ते खेळले. त्या घरी बढाई नव्हती असे नाही, परंतु पावसाचीही नोंद होती.

तीन वर्षांपूर्वीचे पत्र मात्र अवघ्या अर्ध्या पानाचे आले. अक्षर आजोबांचे होते. एप्रिलमध्ये पत्नी गेली, हे शेजारी असल्याने तिला ठाऊकच होते. तरीही ते वाचताना तिचे डोळे भरून आले. यंदाही पत्र का लिहीत आहोत, हे आजोबांनी साध्या शब्दांत सांगितले होते. चांगली वर्षे लिहिली आणि हे वाईट वर्ष गाळले, तर आधीची सगळी पत्रे खोटी ठरतील, असा त्याचा आशय होता. शेवटी नातीच्या पदवीदानाची एक ओळ होती आणि ट्रम्पेटची एक.

गेल्या वर्षी तिने स्वतःच असे पत्र लिहावयाचे ठरविले. मराठीत, दीड पानांचे. बार्शी, सोलापूर, लातूर, पुणे आणि मुंबई येथील चौतीस घरांची यादी केली. मजकूर सजला. फेब्रुवारीत मुलीने पाठशाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळविले. सप्टेंबरमध्ये पतीने नव्या कंपनीत पद स्वीकारले. ऑक्टोबरमध्ये नायगाराचा प्रवास झाला. धाकटा मराठी मुळाक्षरे ‘ज्ञ’पर्यंत लिहू लागला. पाठविण्यापूर्वी तिने दृश्यफोनवरून ते पत्र बार्शीला दादींना वाचून दाखविले.

दादींचे वय ब्याऐंशी. दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी त्यांनी सासऱ्यांच्या देखरेखीखाली वीस वर्षे लिहिली होती. त्यांनी डोळे मिटून सारे ऐकले आणि म्हणाल्या, “फेब्रुवारीनंतर एकदम सप्टेंबर आला. मधली पानं कुठं गेली, बेटा?”

पलीकडे शांतता पसरली. मग हळूहळू उलगडा झाला. मार्चमध्ये जावयांची नोकरी गेली होती. सहा महिने नवे काम मिळाले नव्हते. घराचा हप्ता, मुलांचा खर्च आणि व्हिसाची टांगती तलवार यांत ते दिवस गेले होते. बार्शीला काळजी नको, म्हणून कोणालाच कळविले नव्हते. रोज फोन होत होता आणि रोज ‘सगळे छान’ असे उत्तर जात होते.

दादी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “नुसतं जमा लिहून वही जुळत नसते गं. नावे बाजूपण लिहावी लागते. आपल्या सासऱ्यांनी दुष्काळाच्या सालाचंसुद्धा वहीपूजन केलं होतं. तोटा होता, तरी वही मांडली होती.”

मग त्यांनी यादी वाचावयास सांगितली. चौतीस नावे झाली. दादींनी विचारले, “आणि तुझे काका?”

काकांचे नाव यादीत नव्हते. सहा वर्षांपूर्वी दुकानाच्या वाटणीत पेठेतील जुनी जागा कोणाकडे जावी, यावरून दोघा भावांत बिनसले होते. दुकाने समोरासमोर राहिली. गिऱ्हाईक एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाई, माल या फळीवरून त्या फळीवर जाई, पण दोन भावांत शब्द जात नसे. दादी थोरल्याकडे राहत आणि दर रविवारी धाकट्याकडे जेवावयास जात. त्यांनी सहा वर्षांत एकाचाही पक्ष घेतला नव्हता.

“संवत्सरीला आपल्या घरून दोनशे कार्डं जातात,” दादी म्हणाल्या. “ज्यांच्याशी कधी भांडण झालं नाही, अशा दोनशे घरी. ज्या एका घराशी झालं, तिथंच कार्ड जात नाही. मग ती क्षमा कुणाला मागतो आपण?”

त्या रात्री कोलंबसच्या त्या घरी पत्र पुन्हा लिहिले गेले. मार्च ते ऑगस्टची पाने परत आली. मोठ्या आवेशाने नव्हे, पाच-सहा ओळींतच. नोकरी गेली, बचत संपत आली, रात्री झोप येईनाशी झाली, शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून जावयांना रोज संध्याकाळी फिरावयास बोलाविले आणि त्या फिरण्यानेच माणूस सावरला. मुलीचे बक्षीस राहिले, नायगाराही राहिला. शेवटी एक वाक्य वाढले. वाटणीच्या वेळी आपण लहान नव्हतो, दोन्हीकडे जाऊन बोलू शकलो असतो, ते केले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पस्तिसावे पाकीट काकांच्या नावे टपालात पडले.

पत्र बार्शीला पोहोचावयास जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला. त्याच दिवशी दुपारी काका दुकानाच्या गादीवरून उठले, रस्ता ओलांडून थोरल्या भावाच्या दुकानात गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “भाऊ, जावईबापूंची नोकरी गेली होती. तुम्हाला ठाऊक होतं?”

थोरले म्हणाले, “नाही. मलाही सकाळी पत्रातूनच कळलं.”

सहा वर्षांनी दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले, की पोरीने आपल्याला कळवावयास हवे होते. थोरल्यांनी चहा मागविला. जुन्या जागेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो अद्यापही सुटलेला नाही. मात्र या दिवाळीत वहीपूजनाला दोघे एका पाटावर बसले आणि दादींनी दोन्ही वह्यांवर स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढले.

आज कुटुंबाच्या बातम्यांना तोटा नाही. भ्रमणध्वनीवरील कौटुंबिक गटात सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या विमानापर्यंत सारे काही येत असते. परंतु व्यापारी घरांना हे सांगावयास नको, की रोजकीर्द कितीही नेटकी असली तरी ताळेबंद निराळा मांडावा लागतो. दिवसाची नोंद दिवसासोबत पुसली जाते. वर्षाकडे मागे वळून पाहावयाचे, तर त्यासाठी एक बैठक लागते, एक कागद लागतो आणि थोडे धैर्यही लागते.

ते पत्र नाताळला लिहावे, दिवाळीला लिहावे की संवत्सरीला, हा प्रश्न गौण आहे. अमेरिकेतील कुटुंबांनी आपल्या सोयीचा मुहूर्त निवडला, इतरांनी आपला निवडावा. पत्र एका पानाचे असले तरी पुरे. मुलांच्या गुणांपेक्षा मुलांचे बोलणे लिहावे, कारण दहा वर्षांनी टक्केवारी कोणी वाचत नाही, पण ‘ज्ञ’ काढताना धाकट्याने काय प्रश्न विचारला, ते सर्वांना वाचावेसे वाटते. प्रवास लिहिताना स्थळांची यादी टाळावी आणि पाऊस पडला असेल तर पाऊस लिहावा. दुसऱ्याचे दुःख त्याच्या परवानगीशिवाय लिहू नये. आजीआजोबांना वाचता येईल अशा भाषेत आणि अशा अक्षरांत लिहावे. एक प्रत घरच्या पेटीत ठेवावी, म्हणजे पुढे नातवंडांना घराचा इतिहास शोधत फिरावे लागणार नाही.

वाचणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. दुसऱ्याचे चांगले झालेले वाचून मन आंबट होणे स्वाभाविक आहे, परंतु त्याच मनाला आनंदी करण्याचा सराव म्हणजेच प्रमोद भावना. आणि पत्रातील महिने मधूनच गळालेले दिसले, तर दादींप्रमाणे हळूच विचारावे.

कोलंबसच्या त्या घरी यंदाचे पत्र लिहून तयार आहे. यादी आता छत्तीस घरांची झाली आहे. छत्तिसावे पाकीट टपालाने जाणार आहे कुंपणापलीकडे, एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे. त्यांना मराठी येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी थोरल्या मुलीने ते इंग्रजीत उतरविले आहे. संध्याकाळच्या फिरण्याची ओळ तिने दोनदा लिहिली, पहिल्यांदा अक्षर नीट आले नव्हते.