यंत्राची साथ

चित्रकार आणि यंत्र यांच्या 'सहयोगा'विषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात हा शब्द फारच स्वस्त झाला आहे, असे आमचे मत आहे. आपल्याकडे 'साथ' हा अधिक नेमका शब्द आहे. तबलजी गायकाला साथ करतो म्हणजे तो ऐकतो, आणि त्याच्या ठेक्याने गायकाची पुढची जागाही बदलू शकते. दोघांपैकी एकाने ऐकणे सोडले की साथ संपली. हीच कसोटी यंत्राला लावून पाहावी.

हॅरॉल्ड कोहेन हे मुळात प्रतिष्ठित ब्रिटिश चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. १९६८ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत गेले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रोग्रॅमिंग शिकले. त्यातून सत्तरच्या दशकात 'ॲरन' ही प्रणाली उभी राहिली. ॲरनजवळ ना डोळा होता, ना पाहून उचलण्यासाठी चित्रांचा साठा. होते ते फक्त कोहेन यांनी लिहिलेले नियम: आकार बंद केव्हा होतो, आत कोणते आणि बाहेर कोणते, पुढे ऐंशीच्या दशकात, झाडाला फांदी कशी फुटते, उभ्या माणसाचा तोल कशाने राहतो. मातृभाषा सहज बोलणाऱ्याने तिचे व्याकरण लिहायला बसावे, तसा हा प्रकार. आपल्याला नकळत काय काय ठाऊक होते, हे लिहू लागल्यावरच कळते. म्हणूनच हे नियम आम्हांला चित्रकलेची समीक्षाही वाटतात, आणि ती त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, लिहीत ठेवली.

यातला रंगाचा भाग विशेष बोलका आहे. आरंभी रेषा यंत्राची आणि रंग कोहेन यांच्या हातचा, अशी वाटणी असे. १९९५ साली बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये यंत्राने रंगही स्वतः भरून दाखवले. येथे एखाद्याने विजय घोषित केला असता! कोहेन यांनी मात्र अखेरच्या वर्षांत रंगकाम पुन्हा स्वतःकडे घेतले. ॲरनच्या रेखाटनांवर ते पडद्यावर बोटांनी रंग भरत. दिलेले काम परत मागून घेता येणे, हे आम्हांस साथीचेच लक्षण वाटते. ॲरनला 'सर्जनशील' म्हणायचे मात्र त्यांनी टाळले.

आता दुसरे टोक. २०१८ साली क्रिस्टीज या लिलावगृहात 'एडमंड द बेलामी' हे व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला विकले गेले. एका फ्रेंच गटाने सुमारे पंधरा हजार जुनी व्यक्तिचित्रे प्रणालीला पुरवून ते घडवले होते, आणि सहीच्या जागी गणिताचे सूत्र छापले होते. त्या हजारो चित्रांचे कर्ते सहीत कोठेच नाहीत. प्रत्येक चित्रकार पूर्वसूरींचेच पाहून शिकतो, असा बचाव यावर केला जातो. आम्हांस तो पटत नाही. या पद्धतीत एक जाळे चित्र करते आणि दुसरे ते साठ्यातल्या चित्रांपासून वेगळे ओळखू येते का, हे तपासते. ओळखू न येणे हेच यश. शिष्य कधीतरी गुरूशी भांडतो. येथे भांडणालाच अपयश ठरवले आहे.

सगळेच असे आहे असे नाही. सूगवेन चुंग यांनी २०१५ पासून यंत्रहाताबरोबर जे रेखाटन चालवले आहे, ते आम्हांस कोहेन यांच्या घराण्यातले वाटते. पहिल्या यंत्राने कॅमेऱ्यातून त्यांचा हात पाहायचा आणि रेषा काढायची. पुढच्याला त्यांनी स्वतःचीच जुनी रेखाटने शिकवली. यंत्राची रेषा चुकते, आणि चुंग ती न पुसता तिथूनच पुढे निघतात.

आपल्या मरणोत्तर प्रदर्शनातही नवी चित्रे असतील, असे कोहेन विनोदाने म्हणत. २०२४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ते खरे झाले: प्रेक्षकांसमोर ॲरनची रेखाटने ताजी उतरत होती. ती नवी होतीच, पण नियम मात्र जुनेच. त्यातली एखादी रेषा खटकली, तर नियम बदलणारा माणूस त्या दालनात नव्हता.