हातोडीची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेत स्टिलेटो कंपनीची ‘टायबोन’ ही टायटॅनियमची हातोडी अडीचशे डॉलरच्या आगेमागे विकली जाते. रुपयांत ही रक्कम वीस हजारांच्या वर जाते, आणि मागवण्याचा खर्च व आयातशुल्क वेगळे. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चांगल्या नावाचा क्लॉ हॅमर चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. परदेशी सुतारांच्या चित्रफिती पाहणारे तरुण कारागीर आणि फर्निचरचे नवे कारखानदार त्यामुळे एक प्रश्न विचारू लागले आहेत : एवढ्या महागड्या हातोडीत असते तरी काय, आणि ती घ्यावी का?

प्रश्न रास्त आहे. दिवसभर हातात राहणाऱ्या हत्यारावर पैसे खर्च करायची इच्छा असणे हे धंद्यावरच्या प्रेमाचे लक्षण आहे. पण उत्तर देण्याआधी हातोडीच्या किमतीतला कोणता रुपया कशासाठी जातो, हे नीट पाहायला हवे.

आजच्या क्लॉ हॅमरचा इतिहास न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच या लहान गावातून जातो. १८४०च्या सुमारास तिथे डेव्हिड मेडोल नावाचा लोहार होता. काम चालू असताना हातोडीचे डोके दांड्यातून निसटून उडते, ही त्या काळच्या सुतारांची रोजची डोकेदुखी होती. मेडोलने डोक्यातले भोक दांड्याच्या दिशेने लांबवले, त्यामुळे लाकडाला जास्त पकड मिळाली आणि डोके जागचे हलेनासे झाले. मग तो पोलादाला पाणी देण्याच्या मागे लागला. एक परगावचा सुतार आपली हातोडी घरी विसरून नॉर्विचला कामाला आला आणि त्याने मेडोलकडे त्याला जमेल तितकी चांगली हातोडी मागितली. त्याची हातोडी पाहून सोबतच्या सुतारांनी तशाच मागितल्या, मग त्यांचा ठेकेदार आला, मग दुकानदार. ठेकेदाराला आपल्या हातोड्या त्याहूनही थोड्या सरस हव्या होत्या. याहून चांगली आपल्याला करता येत नाही, असे मेडोलने त्याला सरळ सांगितले. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

पावणेदोनशे वर्षे उलटली तरी चांगल्या हातोडीच्या मुळाशी याच दोन गोष्टी आहेत : डोके आणि दांडा यांचा सांधा, आणि पोलादाला दिलेले पाणी.

त्यातली पाण्याची बाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. हातोडीच्या तोंडाला कडकपणा हवा, नाहीतर खिळ्याच्या माथ्याचे ठसे त्यावर उमटतात आणि तोंड पसरत जाते. पण ते काचेसारखे कडक झाले तर कडेची कपची उडते, आणि ती उडाली की डोळ्याकडेच येते. म्हणून चांगले कारखाने तोंडाचा मध्य कडक ठेवतात, कड तासून तिरकी करतात आणि जिथे दांडा बसतो तो भाग मऊ राखतात. खिळे उपटायच्या नखीला तिसऱ्या प्रकारचे पाणी लागते. धार टिकली पाहिजे आणि वाकवताना तुटताही कामा नये. हे सगळे घडीव पोलादात आणि काळजीने केलेल्या भट्टीकामात साधते. साच्यात ओतून वरून रंग दिलेल्या डोक्यात ते साधत नाही. स्वस्तातली स्वस्त हातोडी आणि चांगली हातोडी यांच्यातला खरा फरक इथे आहे, आणि या फरकासाठी जादा मोजलेला प्रत्येक रुपया वसूल होतो.

पुढची पायरी एस्टविंगची. अर्नेस्ट एस्टविंग या स्वीडिश स्थलांतरिताने १९२३ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला ही कंपनी सुरू केली. डोके आणि दांडा एकाच पोलादातून घडवायचे, म्हणजे सांधाच उरत नाही आणि डोके निसटण्याचा प्रश्नच मिटतो, हा त्यांचा विचार. मुठीला चामड्याच्या चकत्या किंवा निळे आवरण. जगभरचे भूशास्त्रज्ञ दगड फोडायला याच कंपनीचे हातोडे वापरतात, त्यामुळे आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांतही हे नाव परके नाही. अमेरिकेत तिची सोळा औंसांची, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमची हातोडी तीस-चाळीस डॉलरला मिळते आणि नीट वापरली तर माणसाच्या कारकिर्दीला पुरते. तिची उणी बाजूही त्याच घडणीत आहे. घावाचा झटका पोलादी दांड्यातून जितका मनगटापर्यंत पोचतो तितका चांगल्या लाकडी दांड्यातून पोचत नाही. मुठीच्या निळ्या आवरणाने कंप ७० टक्के कमी होतो, असे कंपनी सांगते. तरी दिवसभर ठोकणारे अनेक जुने कारागीर आजही हिकरीचा दांडाच पसंत करतात. आपल्याकडे ती जागा बाभळीने उत्तम भरून काढली आहे.

आता टायटॅनियम. या धातूची घनता साडेचारच्या आसपास, पोलादाची पावणेआठ. म्हणजे तेवढ्याच आकाराचे डोके जवळजवळ निम्म्या वजनात बसते. चौदा औंसांची (सुमारे ४०० ग्रॅम) टायटॅनियम हातोडी चोवीस औंसांच्या (६८० ग्रॅम) पोलादी हातोडीइतका घाव घालते, आणि उलटा झटका दहापट कमी देते, असा स्टिलेटोचा दावा आहे.

पहिला दावा शाळेतल्या पदार्थविज्ञानावर घासून पाहता येतो. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४०० ग्रॅमच्या डोक्याला ६८० ग्रॅमची बरोबरी करायची तर ते तीस टक्के जादा वेगाने फिरवावे लागते. हलके डोके जास्त वेगाने फिरते हे खरे, आणि या हातोड्यांचे दांडे सोळा ते अठरा इंच लांब असतात, तर साध्या क्लॉ हॅमरचा तेरा इंचांच्या आसपास. वेगातला बराच वाटा या लांबीचा आहे. खिळ्याला धातूचे नाव कळत नाही, वजन आणि वेग तेवढे कळतात. टायटॅनियम स्वतः पोलादाइतके कडक नसल्याने टायबोनला ठोकायचे तोंड शेवटी पोलादाचेच, बदलता येण्याजोगे, लावावे लागते. मार्टिनेझ कंपनीने तर दांडा टायटॅनियमचा आणि डोके पोलादाचे अशी उलटी रचना केली आहे. वजन हातात नको, टोकाला हवे, हा त्यामागचा विचार या मासिकाला अधिक पटतो.

मग अमेरिकन सुतार या हातोड्या का घेतात? कारण तिथले घर लाकडाचे असते. भिंती, तुळया, छप्पर, सगळा सांगाडा खिळ्यांवर उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात घरांच्या वसाहतीच्या वसाहती उठल्या, तेव्हा लॅरी हॉनसारखे सुतार साडेतीन इंची खिळा एका टिचकीत उभा करून पुढच्या एक-दोन घावांत संपवत. हॉनच्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात आणि प्रत्येक शिकाऊ मुलाने त्या पाहाव्यात. त्यांत ताकद कमी आणि लय जास्त दिसते. असे काम दिवसाचे आठ तास करणाऱ्याच्या हातातले पाव किलो वजन कमी झाले तर वर्षाअखेरीस त्याच्या खांद्याला ते कळते. तिथेही आता बहुतेक खिळे हवेच्या गनने मारले जातात, पण हातोडी कमरेच्या पट्ट्याला दिवसभर लटकलेली असते, फळी सरकवायला आणि चुकलेले उपटायला लागते. ज्याचा पगार डॉलरमध्ये आणि कोपर स्वतःचे, त्याला अडीचशे डॉलर परवडतात.

आपल्या फर्निचरवाल्यांचे काम तसे नाही. प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट यांच्या धंद्यात जोड स्क्रू आणि फेव्हिकॉलवर असतो. पट्ट्यांना चुका लागतात, त्याही आता गनने. हातोडी लागते ती पटाशीवर टोला द्यायला, सांधा बसवायला, एखादा खिळा काढायला. त्यासाठी अडीचशे-तीनशे ग्रॅमची, गुळगुळीत तोंडाची हातोडी पुरते. जाळीदार तोंडाची परदेशी हातोडी तर या कामाला चक्क नुकसानीची, कारण लाकडावर तिचे ठसे उठतात. जपानी सुतारांचा गेन्नो हा हातोडा इथे जास्त शिकवून जातो. त्याचे एक तोंड सपाट, दुसरे किंचित फुगीर. शेवटचा टोला फुगीर बाजूने दिला की लाकडावर कडेचा वण पडत नाही. फर्निचर करणाऱ्याने वीस हजार खर्चायचेच ठरवले असेल तर ते चांगल्या पटाश्या, रंधा आणि धार लावायच्या दगडांत घालावेत, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

पण महाराष्ट्रात दिवसभर खिळे ठोकणारा आणि उपटणारा एक मोठा वर्ग आहे : सेंट्रिंगचे कारागीर. स्लॅबखालची प्लाय, कॉलमच्या पेट्या, बीमच्या बाजू, सगळे खिळ्यांनी बांधायचे, काँक्रीट पडले की काही दिवसांनी सगळे उपटायचे, खिळे सरळ करून पुन्हा वापरायचे. उंच इमारतींवर मायवान पद्धतीच्या ॲल्युमिनियम साच्यांनी खिळे कमी केले, पण तिथे पिना आणि पाचरी ठोकायला हातोडी आहेच. अमेरिकेतल्या सुताराच्या कामाशी आपल्याकडचे ज्याचे काम सर्वांत जुळते तो हा माणूस. आणि साइटवर नेमकी त्याच्याच हातात सर्वांत हलक्या दर्जाची हातोडी असते : डोके डगमगणारे, दांड्याच्या टोकाला गंजलेला खिळा पाचर म्हणून मारलेला, नखीचे टोक तुटलेले. कारण ती त्याने निवडलेली नसते. ठेकेदाराने घाऊक दराने आणलेली असते.

याची किंमत त्याचा हात मोजतो. मूठ घट्ट आवळून तेच तेच जोराचे काम करत राहिल्याने कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायुबंध दुखावतात. डॉक्टर त्याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि तो झालेल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी टेनिसची रॅकेट धरलेली नसते. सैल डोक्याची, तोल नसलेली हातोडी मूठ अधिकच आवळायला लावते.

म्हणून खरेदी करताना, ठेकेदाराने असो की कारागिराने, दुकानात पाच मिनिटे घालवावीत. नखीची खाच टोकाशी बारीक आणि धारदार आहे का, हे माथा नसलेला एक बारीक खिळा तिच्यात धरून पाहावे. तो धरला गेला पाहिजे. तोंडाची कड तासलेली असावी. दांडा लाकडी असेल तर त्याचे रेषे उभे, डोक्यापासून टोकापर्यंत सलग जाणारे हवेत. गाठ असलेला दांडा परत द्यावा. डोके सैल झाले म्हणून हातोडी रात्रभर पाण्यात बुडवायची जी सवय साइटवर आहे ती सोडावी. लाकूड फुगते, भोकाच्या कडांवर चिरडते आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होते. नवी पाचर मारावी, वाटल्यास जवसाचे तेल पाजावे. क्लॉ हॅमरने काँक्रीटचा कडक खिळा कधी ठोकू नये, आणि एका हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी आपटू नये. कपच्या उडतात त्या बहुतेकदा याच दोन कामांत.

कारागिरांसाठी एक गोष्ट पैशांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, आणि हातोडे व हत्यारे बनवणाराही आहे. हत्यारांसाठी त्यात १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. एका टायटॅनियम हातोडीला ती सगळी रक्कमही पुरत नाही. तीच रक्कम विचाराने वापरली तर सुताराची निम्मी पेटी भरते.

आणि ठेकेदारांसाठी हिशेब. नाशिकच्या सातपूर वसाहतीतली टपारिया असो, स्टॅनले असो की जालंधर-लुधियानाच्या एखाद्या विश्वासू कारखान्याचा घडीव माल, सेंट्रिंगच्या कामाची भक्कम हातोडी सातशे रुपयांच्या आत मिळते. वीस माणसांच्या टोळीला सगळे मिळून चौदा हजार होतात. त्यात डोळे वाचवणारा एकेक चष्मा प्रत्येकी घातला तरी बेरीज एका परदेशी हातोडीच्या खालीच राहते. फक्त हातोड्या घाऊक आणून पोत्यातून वाटू नयेत. टोळीतल्या दोन-तीन जुन्या माणसांना दुकानात सोबत न्यावे, कोणाला साडेचारशे ग्रॅमची, कोणाला साडेपाचशेची हवी ते त्यांना ठरवू द्यावे, आणि दांड्यावर ज्याचे त्याचे नाव कोरून द्यावे.