हरवलेल्या राज्याचा संघ

फुटबॉल आणि मराठी माणूस यांचे नाते, कोल्हापूर वगळता, फारसे कोणी सांगत नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांतच आपली क्रीडास्मृती बहुधा पुरी होते. परंतु भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद किंवा आळंद या बाजूच्या जुन्या मराठी घरांत आज पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्या एखाद्या आजोबांसमोर हा विषय काढून पाहावा. हैदराबाद सिटी पोलीस हे नाव निघताच त्यांची बैठक सावरते, आवाज चढतो आणि 'आमची टीम' असा शब्द येतो. ऐकणाऱ्या नातवाला प्रश्न पडतो : आपण कर्नाटकात, भाषा मराठी, मग हैदराबादच्या पोलिसांचा संघ आपला कसा?

उत्तर नकाशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेही तेव्हा बिदर जिल्ह्यातच मोडत. राजधानी हैदराबाद, तेव्हा वरची कचेरी, मोठे इस्पितळ, विद्यापीठ, सारे तेथेच. त्या राजधानीचा संघ मुंबईत जाऊन चषक जिंकी, तेव्हा आनंद बिदरच्या चौबाऱ्यापाशीही होणारच.

आणि तो चषक लहानसहान नव्हता. १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक प्रारंभी गोऱ्या पलटणींची मिरास होता. तो हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकला आणि १९५७ साली पुन्हा एकदा आणला. ड्युरँड चषकावर त्याने १९५०, १९५४ आणि १९५७ अशी तीनदा मोहोर उमटविली. पहिल्या वेळी अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचा मोहन बागान होता. हे खेळाडू आजच्या अर्थाने व्यावसायिक नव्हते. पगार पोलीस खात्याचा आणि घाम मैदानावर, असा तो संसार होता.

या वैभवामागे उभा असलेला माणूस शाळामास्तर होता, याचे आम्हां शिक्षकांना विशेष अगत्य वाटते. सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) यांनी हैदराबादच्या शाळांत अध्यापन केले, १९४३ साली हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद घेतले आणि पुढे पोलीस संघाबरोबर भारताच्या संघालाही घडविले. त्यांच्या युक्त्या शाळामास्तराच्याच होत्या. त्यांनी काही स्पर्धा अशा भरविल्या की, खेळाडूने चेंडू केवळ आपल्या दुबळ्या पायानेच मारावा. काही स्पर्धांत चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने धावण्यास मनाई असे. चेंडू आला की सोबत्याकडे द्यायचा. पहिल्या नियमाने आळशी पाय कामाला लागे, दुसऱ्याने अहंकार आटोक्यात राही. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम या गरीब मुलाला सरावास येणे परवडेना, तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी दिले.

त्यांच्या वाट्याला केवळ जय आले असे नाही. १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळाले; पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले, आपला एकच झाला. चार वर्षांनी मेलबर्न येथे तोच भारत चौथा आला. त्या चमूत अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम ही हैदराबादी मंडळी होती. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक आले. पुढल्या वर्षी जूनमध्ये कर्करोगाने रहीमसाहेब निवर्तले.

येथे एका नवलाची नोंद करावयास हवी. १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. तथापि राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक १९५६–५७ आणि १९५७–५८ अशी लागोपाठ दोन वर्षे 'हैदराबाद' याच नावाने खेळणाऱ्या संघाने जिंकला. जे राज्य उरले नव्हते, त्याचा संघ देशात पहिला होता! आमच्या भागातील वृद्धांच्या आठवणीत जी एक हुरहूर असते तिचे मूळ आम्हांस येथे दिसते. ते चषकांसाठी हळहळतात, त्याहून अधिक त्या काळच्या आपलेपणासाठी हळहळतात. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे लोक एका संघासाठी टाळ्या पिटत आणि तेवढा वेळ कोण कोणत्या भाषेचा हे कोणी विचारीत नसे. त्या राज्यात सारेच गोड होते असे मात्र कोणी समजू नये. १९४८ पूर्वीचे दिवस ज्यांनी सोसले, त्यांना ते सांगण्याची गरज नाही.

पुढे संघाला आंध्र प्रदेश पोलीस हे नाव मिळाले. १९६१ चा ड्युरँड चषक त्याने त्याच नावाने जिंकला. मात्र उतरण लागली होती. रहीमसाहेब गेले. कलकत्त्याचे श्रीमंत क्लब चांगले खेळाडू ओढून नेत. बलराम १९५७ सालीच ईस्ट बंगालमध्ये गेले होते. १९८३ नंतर क्रिकेटने पोरांची मने व्यापली. रोव्हर्स चषकही २००१ नंतर बंद पडला.

२०२४ साली अजय देवगण यांनी रहीमसाहेबांची भूमिका केलेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि जुनी आठवण पुन्हा चाळवली. त्याआधी २०१९ मध्ये हैदराबादेत नवा व्यावसायिक संघ स्थापन झाला होता. २०२२ च्या मार्चमध्ये त्याने गोव्यात इंडियन सुपर लीगचे विजेतेपद पटकाविले तेव्हा जुने दिवस परतले असे अनेकांस वाटले. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलविण्यात आला. पैशाने उभा केलेला संघ पैशाच्या मागे जातो, यात नवल नाही. पोलिसांचा संघ असा उचलून नेता आला नसता, कारण त्याची मुळे त्या शहरातील शाळांत आणि मोहल्ल्यांच्या मैदानांत होती.

म्हणून गतवैभव आठवताना चषकांची यादी घोकून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्या आठवणीतून पुढच्या पिढीच्या हाती काही पडत नाही, ती आजोबांबरोबरच संपते. आणि ते आजोबा आता किती उरले? घरात असे कोणी असतील तर त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून ठेवावे, हे पहिले काम. दुसरे काम शाळांचे. आमच्या सीमाभागात कित्येक मराठी शाळांना शारीरिक शिक्षक नाही; पण मैदान बहुतेकांना आहे, आणि शेजारच्या कन्नड व उर्दू शाळांनाही आहे. येत्या दसऱ्याच्या सुट्टीत या तिन्ही शाळांची मुले मिसळून संघ पाडावेत आणि दुबळ्या पायाने खेळावयाची एक स्पर्धा भरवावी. खर्च एका चेंडूचा आहे, आणि नियम रहीमसाहेबांनी करून ठेवलेलेच आहेत.