सुश्रुताच्या तोंडी कोलेस्टेरॉल घालू नका

१/ कर्जत-खालापूरच्या शेतघरांवरील आरोग्यशिबिरांपासून समाजमाध्यमांपर्यंत एक वाक्य मोठ्या अभिमानाने फिरवले जाते : ‘सुश्रुताला कोलेस्टेरॉल ठाऊक होते, गुग्गुळ घ्या, गोळ्या सोडा.’ या वाक्याचा पूर्वार्ध इतिहासाचा विपर्यास आहे आणि उत्तरार्ध जिवावर बेतणारा आहे.

२/ आधी भूगोल. गुग्गुळाचे काटेरी झुडूप कच्छ, राजस्थान, सिंध अशा कोरड्या मुलखातले. बोरघाटाच्या पायथ्याचा धुवाधार पाऊस हे त्याचे घर नव्हे. त्याचा डिंक कोकणात यायचा तो व्यापारी माल म्हणून. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सिंधूच्या मुखावरील बंदर आणि भडोच येथून निर्यात होणाऱ्या मालात एक सुगंधी डिंक आहे. तोच गुग्गुळ, असे मानले जाते. कल्याण बंदराचा उल्लेखही त्याच ग्रंथात आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी कल्याण आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी वाटेची साक्ष देतात.

३/ आता ग्रंथ. सुश्रुतसंहितेत स्थौल्याचे, म्हणजे मेद वाढून होणाऱ्या विकाराचे वर्णन आहे आणि त्यावरील उपायांत गुग्गुळ आहे. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु मेद म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे. कोलेस्टेरॉल हा पदार्थ अठराव्या शतकात पित्तखड्यांत सापडला. सशांना तो खाऊ घातल्यास त्यांच्या धमन्या विकृत होतात, हे अनिच्कोव्ह या रशियन संशोधकाने १९१३ मध्ये दाखवले. सुश्रुताच्या तोंडी हा शब्द घालणे म्हणजे त्याचे स्वतःचे बोलणे पुसून टाकणे होय.

४/ खरा अभिमान वाटावा असा प्रसंग १९६६ चा आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाचे वर्णन समोर ठेवून गुग्गुळाचा प्रयोग सशांवर केला. त्यांनी श्लोकाला उत्तर मानले नाही, प्रश्न मानले. याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. अभिमानाची भाषणे करणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

५/ त्या धाग्यावरून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘गुगुलिपिड’ हे औषध सिद्ध केले. त्याच्या चाचण्या मुंबई, नागपूर, वाराणसी आदी सात शहरांत झाल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात रक्तातील कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के घटल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातील दोन शहरे या इतिहासात आहेत, ती रुग्णांच्या तपासण्या आणि मोजमापे यांमुळे, पुराणकथांमुळे नव्हे.

६/ मग मंचावर आले एक प्रथिन : एफएक्सआर. हे मानवी यकृतातील जनुकांचे नियमन करते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. पित्ताम्ले पुरेशी झाली की एफएक्सआर जागे होते आणि ती बनवणाऱ्या विकराचे जनुक मंदावते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की गुग्गुळातील गुगुलस्टेरोन या प्रथिनाला रोखते. उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल त्याने घटले. ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हते, त्यांच्यात घटले नाही.

७/ इकडे जयघोष झाला : ‘विज्ञानाने शिक्कामोर्तब केले!’ जयघोष करणाऱ्यांनी पुढचे पान उलटले नाही. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी केली. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे घातक, म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल ४ ते ५ टक्के वाढले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्के घटले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. पुढे असेही आढळले की गुगुलस्टेरोन केवळ एफएक्सआरला नव्हे, इतर अनेक ग्राही प्रथिनांनाही चिकटते.

८/ पेशीतील प्रथिनाला एखादा रेणू चिकटला म्हणजे माणूस बरा झाला, असे होत नाही. उलट, एका चाचणीवरून सबंध आयुर्वेदाला थोतांड ठरवणारेही तितकेच उतावळे. सुश्रुताचे निरीक्षण, सत्यवतींचा प्रयोग, लखनौचे औषध, ह्यूस्टनचे उंदीर आणि पेनसिल्व्हेनियाचे रुग्ण ही एकच साखळी आहे. सोयीची कडी उचलून बाकीच्या फेकणारा इतिहासकार नव्हे, तो विक्रेता.

९/ आणि या विक्रीची किंमत कोण मोजते? हृदयविकाराचा धोका असूनही डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडणारा रुग्ण मोजतो. ते झुडूपही मोजते. अधिक डिंकासाठी खोलवर घाव घातल्याने झाडे मरतात. आज गुग्गुळ जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. ज्याला परंपरेचा खरा अभिमान आहे, त्याने दोन गोष्टी कराव्यात : ग्रंथाला प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर नावडते असले तरी स्वीकारावे. सत्यवतींनी उघडलेली वाट हीच आहे.